ताईला गाडी लागली

भाड्याची गाडी देणाऱ्या माणसाने किल्ली माझ्या हातात ठेवताना सांगितलं होतं, "मॅडम, गाडी एकदम लोण्यासारखी आहे." खोटं नाही बोलला तो. बासष्टाव्या किलोमीटरला ती लोण्यासारखीच वितळली.

आधी बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मग समोर एक लाल दिवा लागला, त्याला सोबत म्हणून दुसरा लागला, आणि पुढच्या वळणापर्यंत बहुतेक सगळेच लागले. मी गाडी कशीबशी कडेला घेतली. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मधे वीतभर रस्ता आणि त्यावर आम्ही तिघं: मी, मागच्या सीटवर माझे बाबा आणि पुढे आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. गाडी पुरती थांबायच्या आत आत्या दार उघडून बाहेर पडली आणि कठड्यावरून दरीत ओणवी झाली. गाडीला आणि आत्याला एकदमच उकळी फुटली म्हणायची.

आत्याला गाडी लागते. लोकांना घाटात लागते, लांबच्या प्रवासात लागते, हिला चाक फिरायच्या आधी लागते. टीव्हीवर मोटारींची शर्यत सुरू झाली तर ही उठून स्वयंपाकघरात जाते. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं, की सांगायची, "सासरी जायला गाडीत बसावं लागतं."

आणि या बाईने एकोणतीस वर्षं नोकरी कुठे केली, तर बसच्या आगारात.

आगाराच्या फाटकाजवळ हरवलेल्या सामानाची खिडकी होती. तिथे आत्या बसायची. बसमध्ये राहिलेले डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे, एकदा तर कुणाची तरी कवळी, सगळं हिच्याकडे यायचं. ही प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची आणि न्यायला येणाऱ्याची उलटतपासणी घेऊनच परत द्यायची. घरापासून आगार चार किलोमीटर. एकोणतीस वर्षं चालत गेली, चालत आली. बसमध्ये पाऊल ठेवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, डॉक्टरांनी सांगितलंय.

त्या खिडकीशी रोज संध्याकाळी शेवटची फेरी संपवून एक ड्रायव्हर यायचा आणि एक छत्री जमा करायचा. पावसाळ्यात ठीक आहे. पण या एकाच माणसाच्या बसमध्ये लोक भर उन्हाळ्यात छत्र्या विसरायचे. लाकडी मुठीची एक काळी छत्री तर अकरा वेळा जमा झाली. आगारात सगळ्यांना कळलं होतं, फक्त आत्या प्रामाणिकपणे चिठ्ठ्या बांधत होती. आमच्या घरात त्यांचं नाव 'छत्रीवाले' पडलं ते तेव्हापासून.

छत्रीवाल्यांची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. निवृत्त झाल्यावर ते डोंगरापलीकडे एका तळ्याकाठी राहायला गेले आणि तिथून पत्रं लिहू लागले. पाच वर्षं हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग गेल्या महिन्यात हे पत्र आलं. आत्याने ते मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना माझ्याकडे पाठ करून उगाचच डबे पुसत राहिली.

'चौतीस वर्षं ठरलेल्या रस्त्यावर गाडी चालवली. आता जिथे पाटी लावलेली नाही तिथे जायचं आहे. एक जुनी व्हॅन घेतली आहे. मागे पलंग केला आहे, चूल बसवली आहे. शेजारच्या सीटवर तुम्ही असाव्यात अशी इच्छा आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी एक वाजता तळ्याच्या धक्क्यावर उभा राहीन. आलात तर होकार समजेन. नाही आलात तर पुन्हा हा विषय काढणार नाही.'

त्रेसष्टाव्या वर्षी आत्याला पहिली मागणी आली, आणि तीही चारचाकी.

"जायचं," आत्या म्हणाली.

"आणि तुझी ती गाडी लागायची भानगड?" मी विचारलं.

"त्यांना सांगायची नाही. धक्क्याच्या अलीकडे अर्धा किलोमीटर मला उतरवायचं. मी तोंड धुईन, साडी बदलीन आणि चालत जाईन."

"आणि लग्नानंतर? व्हॅनमध्ये?"

"लग्नानंतर तो बघून घेईल," असं म्हणून तिने छताकडे बोट केलं.

वरचा तो आणि आत्या यांचं जुनं आहे. तिची श्रद्धा अपरंपार, पण भरवसा काडीचा नाही. तो चांगलाच आहे, फक्त विसराळू आहे, त्याला सारखी आठवण द्यावी लागते, असं तिचं ठाम मत. सकाळी त्याला हात जोडते आणि दिवसभर फैलावर घेते. आत्ताही कठड्यावरून दरीत वाकल्या वाकल्या त्याची हजेरी चालू होती. "एवढं एकच मागितलं होतं रे. त्रेसष्ट वर्षांत एक. शेजारीण रोज मागते, तिला देतोस. घरासमोर सावलीला झाड दिलंस तिला. मी मागितलं होतं झाड?"

तर, सकाळचे पावणेअकरा. धक्क्यावर जायला निघालेलो आम्ही तिघं रस्त्यावर. माझा नवाकोरा मोबाईल सिग्नल शोधून शोधून गरम झाला होता. बाबांच्या जुन्या, बटणांच्या फोनला मात्र एक कांडी मिळत होती, तीही ते किलोमीटरच्या दगडावर उभे राहिले तर. ते दगडावर चढले. छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. उंचीवर गेला की त्याला आणखीच चुका दिसतात.

गाडीवाल्यांच्या मदत केंद्राला त्यांनी फोन लावला. पलीकडे रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागली, तशी बाबांनी तिला दुरुस्त करायला सुरुवात केली. "'आपली कॉल' नाही, 'आपला कॉल'. हं. 'प्रतीक्षा करावे' नाही, 'करावी'."

"बाबा, ती टेप आहे."

"टेप असली म्हणून काय झालं."

शेवटी एक खरी मुलगी बोलली. मेकॅनिक चार वाजेपर्यंत पोचेल म्हणाली.

"चार म्हणजे आजचे चार?" बाबांनी विचारलं.

"सर, ते मला इथून सांगता येणार नाही."

बाबा दगडावरून उतरले. आत्या एव्हाना झाडाच्या सावलीला चादर टाकून बसली होती. चेहरा पिकल्या पेरूसारखा. मुठीत लिंबू. तिने घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

"त्यांना कळव," ती बाबांना म्हणाली. "लिही, भाड्याची गाडी बंद पडली. मी निघालेली आहे, उशीर होईल, पण येतेय. थांबा. एवढंच लिही. बाकी एक अक्षर नको."

"आणि तू दरीत काय केलंस ते?"

"ते दरीला माहीत आहे, तेवढं पुरे."

"ताई, पहिल्या प्रुफात राहिलेली चूक पुस्तकभर हिंडते. त्या माणसाला लग्नाआधी कळायला हवं."

"मी पुस्तक नाही."

"तो तुला गाडीत घालून देशभर फिरवणार आहे. त्याला तिसऱ्या मिनिटाला कळेल."

"तोवर लग्न झालेलं असेल. तू लिही मी सांगितलं ते." असं म्हणून आत्या आडवी झाली आणि ओला रुमाल तोंडावर टाकून तिने जगाशी संबंध तोडला.

बाबा पुन्हा दगडावर चढले. बटणं दाबून एकेक अक्षर लिहायचं, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची काळजी. पंधरा मिनिटं गेली. फोनमधून 'टुक्' असा आवाज आला. बाबांनी फोन बंद करून खिशात टाकला. "बॅटरी मेकॅनिकसाठी राखून ठेवली," म्हणाले.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"जे आहे ते." आणि छापखान्यात फोरमनला वाचून दाखवायचे त्या सुरात त्यांनी म्हणून दाखवलं. "ताईला गाडी लागली. रस्त्याकडेला आडवी आहे. गाडीही कामातून गेली. एक वाजता पोचणं शक्य नाही. दगड क्रमांक बासष्ट."

रुमालाखालून आवाज आला. "काय म्हणालास?"

"पहिल्यांदा 'ताईला नेहमीप्रमाणे गाडी लागली' असं लिहिलं होतं. मग 'नेहमीप्रमाणे' काढून टाकलं. फाफटपसारा."

आत्या उठून बसली. मला वाटलं आता लिंबू येतं बाबांच्या टाळक्यात. पण तिने ते पदराला पुसून पुन्हा मुठीत धरलं. बाबासुद्धा चपापले. घसा खाकरून दूर जाऊन इंजिनाकडे असे बघू लागले, जणू इंजिनात काही छापलेलं आहे.

मी तिच्याशेजारी बसले.

"संपलं," ती म्हणाली. "सत्तर-ऐंशी प्रवासी घेऊन जाणारा माणूस तो. मागून कुणी ओकलं की फेरी संपल्यावर बस त्यालाच धुवावी लागायची. त्याला म्हातारपणी घरात तेच हवंय का?"

"त्यांनी पत्रात तसं काही..."

"पत्रात त्यांना माहीत कुठे होतं." रुमाल पिळत ती म्हणाली, "मला हिंडायची हौस नाही गं. खिडकीत बसून बघायचे मी. कुणाची वस्तू हरवली आणि ती न्यायला तो माणूस दहा किलोमीटरवरून धावत आला, की मला त्या वस्तूचा हेवा वाटायचा. चपलेचासुद्धा." मग एकदम वर बघून म्हणाली, "हे तू ऐकायचं नव्हतंस. तुला नको तेव्हा बरं ऐकू येतं." आणि पुन्हा आडवी होऊन तिने रुमाल ओढून घेतला.

बारा वाजले. सव्वाबारा. एक माल भरलेला टेम्पो गेला, थांबला नाही. आत्याचा श्वास संथ झाला, डोळा लागला असावा. बाबा रेडिएटरवर वर्तमानपत्राने वारा घालत होते.

एकला वीस मिनिटं कमी असताना वरच्या वळणावर भोंगा वाजला. मग त्याखालच्या, मग त्याखालच्या. पिवळीधमक व्हॅन घाटातून सुटली होती ती आमच्या समोर येऊनच थांबली. टायरचा वास आला, त्यामागून ताज्या रंगाचा. दार उघडलं आणि एक उंच, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ खाली उतरले. एका पायात बूट, एका पायात घरातली चप्पल. काखेत स्ट्रेचरला चालेल असं कपाटाचं उचकटून आणलेलं दार, हातात औषधांची पेटी, खांद्यावर दोन पलंगपोस.

बाबा हसून पुढे झाले. "या, या. तुम्ही उगाच त्रास घेतलात."

"कुठेत त्या?"

बाबांनी झाडाकडे हात केला.

छत्रीवाल्यांनी पाहिलं. झाडाखाली चादर. चादरीवर आत्या, सरळ निजलेली, हात छातीवर, तोंडावर पांढरा रुमाल.

ते जागच्या जागी थांबले. डोक्यावरची टोपी हळूच काढली.

"फार त्रास झाला हो तिला," बाबा सांगू लागले. "गाडी थांबेपर्यंतही उसंत मिळाली नाही. पण आता शांत झाली."

कपाटाचं दार छत्रीवाल्यांच्या काखेतून निसटलं आणि त्यांच्याच चपलेच्या पायावर पडलं. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. ते रस्त्यावर बसले, अगदी मांडी घालून, डांबरावर.

"मला पत्र लिहायला नको होतं," ते म्हणाले. "मी लिहिलं नसतं तर त्या घरीच असत्या."

"असत्या की," बाबा म्हणाले, "आणि बऱ्यापैकी तब्येतीत असत्या."

तेवढ्यात रुमाल हलला. "कोण आलंय रे? मेकॅनिक असेल तर त्याच्याशी गप्पा मारत बसू नकोस, त्याला गाडी दाखव."

छत्रीवाल्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा काढून दाखवू शकणार नाही. त्या आवाजाने आत्या ताडकन उठून बसली. रुमाल मांडीवर पडला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तिचे केस एका बाजूला चप्पट, गालावर चादरीची नक्षी. धुतलेलं तोंड, बदललेली साडी वगैरे जो काही बेत होता तो पिशवीत घडी घालून ठेवलेला.

"बाई," छत्रीवाले कसेबसे म्हणाले, "तुम्हाला गाडी लागली ना?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे जळजळीत पाहिलं, आणि मान ताठ करून म्हणाली, "लागली."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? पोटात."

"पोटात. अरे देवा. रक्त?"

"रक्त कशाला. सकाळचा चहा."

छत्रीवाले गोंधळले. "कोणती गाडी होती? नंबर घेतलात का?"

"एक असेल तर सांगू. मला सगळ्याच लागतात."

"सगळ्याच?"

"लहानपणापासून. ट्रक लागलाय, जीप लागलीय. एकदा सायकलसुद्धा लागली होती, मागे बसले होते मी."

"आणि तुम्ही वाचलात?"

"वाचले म्हणजे, जरा वेळ आडवं पडलं की वाटतं बरं."

छत्रीवाल्यांनी टोपीने कपाळ पुसलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एखादं जुनं इंजिन सुरू व्हायला लागावं तसं काहीतरी झालं. एकदा खोकलं, पुन्हा खोकलं, आणि लागलं.

"म्हणजे उलटी?" ते म्हणाले.

"हळू बोला," आत्या म्हणाली. "रस्ता आहे."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी हसले ते थेट कठड्यापर्यंत जाऊन हसले. परत आले तेव्हा छत्रीवाले खिशातून फोन काढून बाबांना तो निरोप दाखवत होते.

"आमच्या आगारात 'गाडी लागली' म्हणजे एकच. माणसाला लागली. अपघाताच्या वहीत पहिलं वाक्य तेच असतं, 'अमुक इसमास गाडी लागली.' ते दोन शब्द माझ्या नावावर लिहिले जाऊ नयेत म्हणून मी चौतीस वर्षं झोपेतसुद्धा ब्रेक दाबलाय. उलटीला आम्ही उलटी म्हणतो साहेब. आणि वर हे काय, 'गाडीही कामातून गेली'? 'गाडीही'? या 'ही'ने माझा जीव घेतला. म्हणजे त्या गेल्या, वर गाडी पण गेली."

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. त्यांनी निरोप तीनदा वाचला. छत्तीस वर्षांत हजारो पानं या डोळ्यांखालून गेली होती.

"शुद्धलेखनाची चूक नाहीये यात," ते पुटपुटले.

"तू गप्प बस," आत्या म्हणाली.

मग ती उभी राहिली. साडी झटकली. पिशवीतून ते पत्र काढलं आणि छत्रीवाल्यांसमोर धरलं.

"हे घ्या. तुमच्यापासून लपवलं, ते माझं चुकलं. एकोणतीस वर्षं आगारात होते, चालत येत होते. डॉक्टर-बिक्टर कुणी काही सांगितलं नव्हतं. तुमच्या शेजारी बसायची इच्छा पुष्कळ आहे, पण तुमच्या त्या पिवळ्या गाडीत मी चार वळणं टिकायची नाही. रंग छान आहे."

छत्रीवाल्यांनी पत्राला हात लावला नाही. आधी मला वाटलं त्यांना वाईट वाटलंय. मग लक्षात आलं, त्यांना राग आलाय, आणि तो वेगळ्याच गोष्टीचा आहे.

"चार वळणं? कोण चालवत असताना?"

"कुणीही."

"मी कुणीही नाही. गाडी लागत नसते बाई, चालवणारा ती लावतो. ही तुमची भाची, तुम्हाला इथवर घेऊन आली. विचारा तिला, वळणावर ब्रेक कधी दाबते. वळणात शिरल्यावर दाबत असणार."

"शिरल्यावरच दाबते," मी म्हणाले. "दरी दिसल्यावर."

"बघा. इथून तळं चाळीस किलोमीटर, एकशे बारा वळणं. येताना मी ती कशीही घेतली, देव माफ करो, पण मला एकूण एक पाठ आहेत. एकदा बसून बघा. पत्र तुमच्याजवळच असू दे. धक्क्यावर उतरलात की मग हो म्हणा, नाही म्हणा, पत्र फाडून तळ्यात टाका."

आत्या व्हॅनकडे बघत राहिली. पोट तिचं, त्यामुळे निर्णयही तिचाच. तिने वर पाहिलं, ओठ हलले. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून ती प्रार्थना नव्हती, दम होता.

"चला," ती म्हणाली.

बाबाही पिशवी उचलू लागले. आत्याने त्यांच्या हातातून ती काढून घेतली. "तू कुठे? मेकॅनिक येणार आहे चारला."

"आजच्या की उद्याच्या ते नक्की नाही ताई. मी एकटा इथे काय करू?"

"दगड वाच."

व्हॅनमध्ये आत्या पुढे बसली, मी मागे पलंगावर, चुलीशेजारी. चूल दोरीने बांधलेली, डबे कप्प्यांत घट्ट बसवलेले, पडद्यांना शिलाई हातची. निगुतीचं सगळं. फक्त रंग इतका ताजा की माझंच पोट ढवळायला लागलं. छत्रीवाल्यांनी काठोकाठ पाण्याने भरलेला स्टीलचा पेला पुढे काचेखाली ठेवला.

"नव्या ड्रायव्हरची अशीच परीक्षा घ्यायचो आम्ही," ते म्हणाले. "थेंब सांडला तर नापास."

आणि निघाले. मी आयुष्यात इतकी हळू आणि इतकी सुंदर चालवलेली गाडी पाहिली नाही. वळण यायच्या कितीतरी आधी ते पाय उचलत, गाडी आपणहून मवाळ होई, आणि वळण कधी आलं, कधी गेलं, कळत नसे. एक कुत्रा भुंकत आमच्यासोबत धावू लागला. मग पुढे गेला. जरा वेळ थांबून आमची वाट पाहिली, आणि कंटाळून घरी गेला.

"किती झाली?" आत्याने पेल्यावरची नजर न काढता विचारलं.

"नऊ."

तिच्या मुठीतलं लिंबू आता नुसतंच सालपट उरलं होतं. छत्रीवाले मोजत होते. सोळा. बावीस. तिसाव्या वळणाला आत्याने पाठ सीटला टेकवली. मी हात जोडले. पस्तीस. छत्रीवाल्यांच्या मिशीखाली हसू दिसायला लागलं होतं. पेल्यातलं पाणी काचेसारखं स्थिर.

"थांबवा," आत्या म्हणाली.

त्यांनी थांबवली. थांबवतानाही धक्का नाही. ती उतरली आणि कठड्याकडे गेली, आणि पुढे जे झालं ते नेहमीप्रमाणे झालं. छत्रीवाले तिच्यामागून उतरले. तिचा चष्मा पडायच्या आत त्यांनी तो काढून हातात धरला, पिशवी काखेत घेतली, आणि दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. कितीही वेळ लागला तरी कंटाळणार नाही अशा बेताने उभे राहिले.

आत्या सावकाश ताठ झाली. त्यांनी पेला आणून तिच्या हातात दिला.

"पाणी हललं नाही," ते म्हणाले. आवाज फार बारीक होता.

"माझं हललं," आत्या म्हणाली. तिने चूळ भरली, उरलेलं पाणी प्याली. चष्म्यासाठी हात पुढे केला. "सांगितलं होतं मी तुम्हाला."

"तुम्ही चार म्हणाला होतात."

"मग?"

"हे सदतिसावं होतं."

आत्या चष्म्याची काच पदराने पुसता पुसता थांबली. वर डोंगरात रस्ता दिसत होता, एकावर एक दुमडलेला. तिने तो बराच वेळ न्याहाळला.

"उरली किती?"

"पंचाहत्तर."

ती मनाशी हिशेब करत होती ते मला मागच्या काचेतून दिसत होतं. हरवलेल्या वस्तूवर चिठ्ठी बांधताना करायची तसाच चेहरा.

"म्हणजे अजून दोनदा थांबायला लागेल," ती म्हणाली.

"दोनदा. वर एक वळण राहतं."

"त्याचं काय करायचं?"

छत्रीवाल्यांनी विचार केला. "ते चालत जाऊ," ते म्हणाले. "तुम्हाला सवय आहे."

आत्याने चष्मा लावला. पत्र तिच्या कमरेला खोचलेलं होतं. ते तिने काढलं, सरळ केलं, आणि पुन्हा नीट आत खोचलं. मग गाडीत चढून बसली.

"दार जरा जोरात ओढा," ती त्यांना म्हणाली. "मघापासून वाजतंय."